बगळ्याच्या शेपटाची ज्वारी

प्रारंभीच क्षमा मागतो. दिवाळी अंकात लिहिणाऱ्यांपाशी सांगण्यासारखे काही असते, किंवा सांगण्यासारखे काही नसतानाही सांगण्याचे धैर्य असते. माझ्यापाशी या दोहोंपैकी एकही नाही. संपादकांनी पत्रात माझा उल्लेख 'जिल्ह्यातील व्हिडिओ चित्रणाच्या क्षेत्रातील ज्येष्ठ' असा केला आहे. ज्येष्ठ मी आहे, पण केवळ वयाने. या धंद्यात मी पडलो तेव्हाच चव्वेचाळिशी उलटली होती, आणि माझ्या निम्म्या वयाची मुले मला 'नवे' म्हणत असत. ते बरोबरच होते.

मी मुळात शिक्षक. चिखलीच्या एका शाळेत वीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. आखाती देशात नोकरीला गेलेला माझा मेहुणा एका सुट्टीत व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला. बहिणीने तो घरात ठेवायला नकार दिला, म्हणून 'दोन दिवसांसाठी' माझ्याकडे ठेवून गृहस्थ पुन्हा विमानात बसला. त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांच्या मुलीचे लग्न होते. त्यांनी विचारले आणि मला नाही म्हणता आले नाही. आवड म्हणून, पोटासाठी किंवा घराण्याचा वारसा म्हणून माणसे व्यवसायात येतात असे वाचले आहे. नकार देण्याची लाज वाटते म्हणून येणाऱ्यांविषयी कोणी लिहीत नाही. बहुधा तेही लाजतच असावेत. शिवाय लग्नसराई आणि शाळेची उन्हाळी सुट्टी एकाच वेळी येते, ही शिक्षण खात्याने माझ्यावर केलेली एकमेव मेहरबानी.

या व्यवसायाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण करतो. त्या काळचा कॅमेरा खांद्यावर घ्यावा लागे आणि तो साधारण सहा महिन्यांच्या गुटगुटीत मुलाएवढा जड असे. फरक इतकाच की मूल अधूनमधून दुसऱ्याकडे देता येते. चित्र त्याच्या बाजूच्या छोट्या भिंगात एक डोळा मिटून पाहावे लागे, तेही काळे-पांढरे. ग्राहकाच्या अपेक्षा मात्र रंगीत असत. लोणारच्या एका दुकानदाराने मला बजावले होते, "सर, नवरा-नवरीच्या मांगं सरोवर पुरं आलं पाह्यजे. पण त्याचा वास नाई आला पाह्यजे." फितीवर वास उमटत नाही असे मी सांगितले, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "मंग कॅमेरा भारी हाये!"

अशा मागण्या पुरवता येत. पुरवता येत नसे ती एकच, आणि ती प्रत्येकाची असे: अक्षता पडताना नवरा-नवरी दिसली पाहिजेत. आमच्याकडे मंगलाष्टके संपत आली की सारा मांडव उठून उभा राहतो. मागचे पुढच्यांच्या वर दिसावे म्हणून खुर्च्यांवर चढतात, आणि ते पाहून पुढचेही चढतात. शेवटी सर्वांची उंची पूर्वीइतकीच होते, पण प्रगती झाल्याचे समाधान मिळते. या समाधानाच्या मागे मी कॅमेरा घेऊन उभा असे. पहिल्या अकरा लग्नांत मी अकरा मांडवांतल्या पाठी टिपल्या. जिल्ह्यातल्या पाठींचा इतका सविस्तर संग्रह अन्य कोणापाशी नसावा.

उपाय उघड होता: कॅमेरा माणसांच्या वर नेणे. एका मुंबईच्या मासिकात मी परदेशी यारीचे, म्हणजे क्रेनचे, छायाचित्र पाहिले होते. एक लांब भुजा, तिच्या टोकावर कॅमेरा, मागे वजने. तिची किंमतही छापली होती. ती वाचून मी मासिक मिटले. परंतु रात्रंदिवस डोळ्यांपुढे ती भुजा हलत राहिली, कारण तिच्यात नवे काही नव्हते. ती साधी तरफ होती. तरफेचा नियम मी वीस वर्षे फळ्यावर काढत आलो होतो. त्या वीस वर्षांत तरफेने मी स्वतः काही उचलले नव्हते, ही गोष्ट अलाहिदा.

मी कागदावर आकृती काढली आणि रहीममिस्त्रींकडे गेलो. मिस्त्री बाजार समितीच्या रस्त्यावर पाण्याची इंजिने दुरुस्त करीत. त्यांनी आकृती आडवी धरली, मग उभी धरली, मग बाजूला ठेवली.

"सर, कागद राहू द्या. काय उचलाचं हाये, ते सांगा."

मी सांगितले.

"अन् एवढं उंच काऊन?"

"लोक उभे राहतात म्हणून."

"मंग लोकायले बसवा ना! ते सस्तं पडन."

वीस वर्षे वर्गात 'खाली बसा' म्हणून ओरडणाऱ्या माणसाने यावर काय बोलावे? मिस्त्रींना माझी दया आली असावी, कारण त्यांनी कामाला हात घातला. भुजेसाठी अॅल्युमिनियमची जुनी नळी, उभे राहण्यासाठी रंगाऱ्याची लोखंडी घोडी, आणि भुजा चोहीकडे फिरावी म्हणून भंगारातल्या सायकलचा मधला भाग, छर्ऱ्यांसह. कॅमेरा वर-खाली पाहावा यासाठी त्यांनी सायकलचाच ब्रेक लावला: मूठ माझ्या हाताशी, तार टोकापर्यंत. मूठ दाबली की कॅमेरा मान वर करी. भुजा डावी-उजवीकडे वळवायला एक दोरी होती. चित्र पाहण्याची सोय मात्र नव्हती. डोळ्याचे भिंग कॅमेऱ्यासोबत आकाशात जाई आणि मी खाली दोरी धरून अंदाज बांधत असे. परदेशी यारीत आणि आमच्या यारीत हा किरकोळ फरक राहिला.

मिस्त्रींनी छर्ऱ्यांना वंगण लावून बोटाने भुजा ढकलली. ती पूर्ण गोल फिरून आली आणि मी वेळीच वाकलो.

"लोण्यासारखी फिरते पाहा," ते अभिमानाने म्हणाले. "बगळ्यासारखं दिसून राह्यलं बे हे!"

'बे' माझ्यासाठी नसून यंत्रासाठी होते, असे मी मानून चाललो आहे. नाव मात्र तेच पडले. बगळा.

बगळ्याचे शेपूट आखूड होते, म्हणून त्यावर वजन पुष्कळ लागे. सुरुवातीला मी अडतीवरची लोखंडी वजने मागून आणीत असे. ती एसटीत चढवताना एका वाहकाने मला थांबवले. "गुरुजी, अख्खी गिरणीच घेऊन चालले काय?" सारी बस हसली. मला हसणे सोसत नाही. म्हणून मी बुद्धी वापरली, आणि माझ्या आयुष्यातील बहुतेक संकटे अशीच उद्भवली आहेत. वजन वाहून न्यायचेच कशाला? रिकामी झोळी न्यावी आणि लग्नघरी जे मिळेल ते तिच्यात भरावे. वाळू, विटा, काहीही. गुरुत्वाकर्षण पदार्थापदार्थांत भेद करीत नाही. भेद माणसे करतात, हे आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हते.

आता वरवट बकालच्या लग्नाविषयी. ज्यासाठी हे लिहिण्याचे धाडस केले, ते हेच.

यजमान किसनराव, सधन शेतकरी. त्यांची चौथी आणि शेवटची मुलगी वंदना. मी आदल्या दुपारी पोहोचलो. अंगणाला कमरेएवढी भिंत, भिंतीपलीकडे रस्त्यावर मांडव. अंगणात भिंतीला लागून कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या, आणि त्यांच्यासमोर, घराच्या बाजूला, तुळस. मी भिंतीलगत घोडी उभी करीत असताना वंदनाची आई, शेवंताबाई, चहा घेऊन आल्या. कप ठेवला तरी त्या गेल्या नाहीत.

"सर, ह्याच्यातून अक्षता पडतानी पोरगी दिसन काय?"

"दिसेल, ताई. त्यासाठीच हे केले आहे."

"पक्कं?"

मी तरफेचा नियम सांगू लागलो. त्यांनी तो अर्ध्यातच तोडला.

"तिघीचे लगन झाले माह्या. एकीचंबी लागतानी नाई पाह्यलं म्या. तिघीच्या वख्ताले म्या तुळशीले पाणीच घातलं."

वाचकांपैकी शहरात वाढलेल्यांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. आमच्याकडे अनेक घरांत मुलीचे लग्न लागताना आईने पाहायचे नसते. मंगलाष्टके चालू असतात तेव्हा ती मांडवाकडे पाठ करून तुळशीला पाणी घालीत उभी राहते. आईची नजर लागते म्हणे. जिने जन्म दिला, न्हाऊ घातले, आजारपणे काढली, तिची नजर एवढ्या वर्षांत लागली नाही. ती नेमकी त्या पाच मिनिटांत लागते. या शास्त्राविषयी प्रश्न विचारण्याचे धाडस मी कधी केले नाही, मी विज्ञानाचा शिक्षक असूनही.

"मांगाहून तुमच्या फितीत पाह्यलं त चालते ना?" त्यांनी विचारले. "ते काई लगन पाह्यनं नाई. ते त फोटू पाह्यनं झालं."

"चालेल," मी म्हणालो. धर्मशास्त्रावर मी दिलेला हा पहिला आणि अखेरचा निर्णय.

"मंग मले फक्त तेवढंच दावा. बाकी काईच नाई दावलं तरी चालते."

माझ्या कामाला कोणी इतके नेमके मोल दिलेले नव्हते. मी शब्द दिला. शब्द देताना समोरच्याकडे न पाहण्याची मला सवय आहे. तेव्हा मात्र पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजनाचा प्रश्न आला. त्या काळ्या मातीच्या गावात वाळू नव्हती आणि विटा चुलाणांना गेल्या होत्या. किसनराव हसले. "सर, आमच्या घरी वजनाची चिंता करता काय? ज्वारी घ्या!" आणि कोठीतून माझी झोळी काठोकाठ भरून दिली. मी मूठमूठ ज्वारी कमी-जास्त करून बगळा असा तोलला की एका बोटाने वर जाई, एका बोटाने खाली येई. शेपूट अंगणात, चोच मांडवावर. मी मधोमध भिंतीशी, तोंड मांडवाकडे. इतका अचूक तोल मी जन्मात साधला नव्हता, आणि लोक माझ्याकडे आदराने पाहत असल्याचा भासही झाला.

लग्नाची वेळ झाली. अंतरपाट धरला. मी कॅमेरा सुरू करून बगळा वर सोडला. माझ्या मागे, अंगणात, शेवंताबाई पाण्याचा लोटा घेऊन तुळशीपाशी गेल्या.

पाच मंगलाष्टकांत लग्न लागते. पण नवरदेवाचे थोरले काका कवी होते. प्रत्येक वऱ्हाडात एक कवी असतो आणि तो त्याच दिवसासाठी जगत आलेला असतो. या काकांनी पाचव्यानंतर खिशातून कागद काढला. सहाव्या अष्टकात वधूच्या गावाचे वर्णन होते, सातव्यात नवरदेवाच्या पदवीचे. प्रत्येक 'सावधान'ला लोक अक्षता टाकत होते, आणि आठवे सुरू होण्यापूर्वीच अक्षता संपल्या. मांडवाच्या मागून ओरडा सुरू झाला. "अक्षता इकडं नाई आल्या! आमी काय दगडं मारावं काय?"

आमच्याकडे अक्षता तांदळाच्या नसून रंगवलेल्या ज्वारीच्या असतात, आणि त्यांची जबाबदारी किसनरावांचे धाकटे भाऊ महादूभाऊ यांच्यावर होती. ते ताट घेऊन अंगणात धावले. पुढचा संवाद त्यांनीच मला नंतर मोठ्या कौतुकाने ऐकवला.

"वैनी, अक्षता सरल्या!"

शेवंताबाई तुळशीवरची नजर न काढता म्हणाल्या, "भिंतीपाशी झोळी लटकून राह्यली ना, आपलीच ज्वारी हाये. घ्या तिच्यातून."

महादूभाऊंनी घेतली. ताट भरून नेले, पुन्हा आले, पुन्हा नेले. मला काही कळले नाही. अंगणाकडे माझी पाठ होती. मला एवढेच दिसले की बगळ्याची चोच हळूच खाली झुकते आहे. मी ब्रेकची मूठ दाबून कॅमेऱ्याची मान वर केली. चोच आणखी झुकली. मूठ पुरी दाबून झाली. कॅमेरा आता फेट्यांच्या उंचीवर आला होता आणि एका गृहस्थांच्या डोक्याकडे निघाला होता. मी घाबरून दोरी ओढली. जोरात.

मिस्त्रींच्या छर्ऱ्यांनी आपले इमान राखले. बगळा लोण्यासारखा फिरला. माणसांच्या डोक्यांवरून, माझ्या डोक्यावरून, भिंतीवरून अर्धा गोल करून कॅमेरा अंगणात गेला आणि कडब्याच्या पेंढ्यांवर अलगद बसला. शेपूट त्याच चपळाईने मांडवात गेले. तिथे लोकांना उरलेली ज्वारी हाताशीच मिळाली आणि त्यांनी ती आभार मानून वापरली. शेवटचे 'सावधान' झाले. वाजंत्री वाजू लागली. वंदनाचे लग्न लागले, आणि मी हातात दोरी घेऊन पुन्हा एकदा पाठी पाहत उभा राहिलो.

उरलेले चित्रण मी खांद्यावरून केले. पाठवणीच्या वेळी शेवंताबाई लेकीला मिठी मारून रडल्या. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, तोंड लेकीच्या खांद्यात. मला पुढे जाऊन उभे राहण्याचा धीर झाला नाही. तिथेही पाठच आली.

दुसऱ्या सकाळी रिकाम्या मांडवात बसून मी फीत मागे नेली आणि कॅमेऱ्याच्याच भिंगात डोळा लावून पाहिली. पाहून होते न होते तोच शेवंताबाई आल्या.

"दावा, सर."

"ताई, ते नीट आले नाही."

"जसं आलं तसं दावा."

मी कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एका हाताने डावा डोळा झाकला आणि उजवा भिंगाला लावला. त्या काय पाहत आहेत हे मला माहीत होते. प्रथम मांडवाचे कापड, मग फेटे, मग सारे जग गरगर फिरते. आणि मग स्थिर, सरळ, लख्ख असे चित्र, जसे मी त्यापूर्वी कधी घेतले नव्हते आणि त्यानंतरही घेतले नाही: तुळशीपुढे एक बाई, पाठमोरी, लोट्यातून पाण्याची धार. मागून काकांचे आठवे मंगलाष्टक. धार बारीक होते, थेंब होते, थांबते. लोटा तसाच कलता राहतो. मग ती बाई सावकाश मान वळवते आणि मांडवाकडे पाहते. तिचा पूर्ण चेहरा. अक्षता पडेपर्यंत ती पाहत राहते.

शेवंताबाईंनी भिंगावरून डोळा काढला नाही. "हे मी हावो."

"हो."

"आठवं लांबलं. लोट्यातलं पाणी सरलं, सर. पाणी सरल्यावर बाईनं कुठं पाहावं?"

मी विचारले, "वंदना दिसली का तुम्हाला?"

"कायची दिसते! पाठीच पाठी. अन् तुमचा बगळा कडब्यावर बसून माह्याकडं पाहून राह्यला होता." त्या हसल्या. मग हसू गेले. "हे पुसता येते काय?"

"ताई, कोणाला काही..."

"उद्या फीत पोरीच्या सासरी जाईन. तिची सासू पाह्यन. मंग कधी त्या पोरीचं काई दुखलं, मूल नाई झालं, म्हैस आटली, त म्हणतीन मायनं वळून पाह्यलं होतं."

मी त्यांना प्रकाशकिरणांविषयी सांगितले. डोळ्यांतून काही बाहेर जात नाही, प्रकाशच आत येतो, असे समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"तुमचं खरं असन, सर. ते तिच्या सासूले शिकवता काय?"

मी शिकवू शकत नव्हतो. मुख्याध्यापकांनाही मी नाही म्हणू शकलो नव्हतो. शेवंताबाईंच्यादेखत मी फीत त्या जागी आणली. ते चित्र पुसायचे तर त्यावर दुसरे काही भरावे लागणार होते. मांडवात रंगीत आणि पांढरी ज्वारी विखुरली होती आणि किसनरावांच्या कोंबड्या ती टिपत होत्या. मी कॅमेरा खाली रोखला आणि त्यांचे चित्रण केले. शेवंताबाई शेजारी उभ्या राहून पाहत होत्या. "झालं?" त्यांनी विचारले. "झालं," मी म्हणालो. त्या घरात गेल्या आणि माझ्यासाठी चहा पाठवला.

नवरदेवाच्या घरी फीत सर्वांना आवडली, असे कळले. ऐन अक्षतांच्या क्षणी कोंबड्या का येतात हे कोणी विचारले नाही. एका प्राध्यापक पाहुण्यांनी ते समृद्धीचे प्रतीक असल्याचे सांगितल्यामुळे प्रश्न मिटला. तक्रार एकट्या कवी काकांची आली. त्यांचे आठवे मंगलाष्टक कोंबड्यांनी खाल्ले होते.

बगळ्याला मी पुढे कुलूप लावता येईल अशी लोखंडी पेटी शेपटाला बसवून घेतली. त्याने शेकडो लग्ने पाहिली, आणि नवरा-नवरीही व्यवस्थित दिसली. त्यांतली एकही फीत मला आठवत नाही.

फितींचा जमाना संपत आला तेव्हा शाळेतून निवृत्त होऊन मी चिखलीत दुकान काढले होते. जुन्या फितींवर बुरशी धरते. त्या स्वच्छ करून सीडीवर उतरवून देण्याचे काम करीत असे. एके दिवशी चाळिशीकडे झुकलेली एक बाई पिशवीतून फीत घेऊन आली. सोबत कॉलेजातली मुलगी होती. मी ओळखले नाही, तिने ओळखले.

"सर, मी वरवटची वंदना. माय गेली माही, दिवाळीच्या आंधी."

मी फीत साफ करून लावली. तिघांनी मिळून ती पूर्ण पाहिली. बगळा झुकला, फेटे आले, आणि कोंबड्या ज्वारी टिपू लागल्या. मुलगी हसली. वंदना हसली नाही. पाठवणी झाली, पदर आणि पाठ दिसली, फीत संपली.

"सर," ती म्हणाली, "एवढ्या तीन तासात माह्या मायचं तोंड कुठंच नाई. कोंबड्यायचं हाये. काऊन?"

मी काउंटरवरची धूळ पुसली. माय गेली होती आणि तिचे गुपित राखण्याची मुदत संपली की नाही, हे सांगणारे कोणी नव्हते. सासू अजून हयात आहेत की नाहीत, हे विचारायला हवे होते. तेही सुचले नाही. "त्या वेळेला बॅटरी संपली होती," असे मी म्हणालो. तिने मान हलवली, सीडी पिशवीत ठेवली आणि लेकीला घेऊन बसस्टँडकडे गेली.

वाचकहो, तुम्ही माझ्या जागी असता, तर वंदनाला काय सांगितले असते?